बिबट्याला हातांनी मारणाऱ्या माणसानं शोधलेलं मशीन आज आपले स्लॅब वाचवतंय, पण एका अटीवर

नागपूरचं लकडगंज म्हटलं की डोळ्यासमोर येतो लाकडाचा बाजार. आरा मशीनचा आवाज, सागवानाचे ओंडके, प्लायवूडची दुकानं. पण याच भागात जरा मान वर करून इमारती बघितल्या तर वेगळंच काहीतरी दिसतं. जुन्या सज्जांचे पोपडे सुटलेले असतात आणि त्यातून गंजून लाल झालेली सळई डोकावत असते.

हे फक्त लकडगंजचं चित्र नाही. इतवारीत जा, गांधीबागेत जा, नाहीतर पुण्या-मुंबईत जा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या बहुतेक इमारतींची हीच कहाणी आहे. मग रहिवासी एकत्र बसतात, ठेकेदाराला बोलावतात आणि दुरुस्तीचं कोटेशन येतं. मोठं काम असेल तर त्या कोटेशनमध्ये एक शब्द बऱ्याचदा दिसतो, तो म्हणजे गनायटिंग.

गनायटिंग म्हणजे काय, तर हवेच्या दाबानं सिमेंट आणि वाळूचा मारा करून खराब झालेल्या भागावर नवा थर चढवणं. आता हे मशीन कुणी शोधलं असेल? एखाद्या इंजिनिअरनं? बिल्डरनं? की सिमेंट कंपनीच्या मालकानं?

यातलं कुणीच नाही. ते शोधलं मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांपासून पुतळे बनवणाऱ्या एका माणसानं. त्याचं शाळेचं शिक्षण जेमतेम झालेलं. त्यानं आफ्रिकेत एका बिबट्याला हातांनी गळा दाबून मारलं होतं, एका हत्तीनं त्याला जवळपास चिरडलं होतं आणि शेवटी गोरिलांना वाचवण्यासाठी तो थेट एका राजापर्यंत पोचला होता.

त्याचं नाव कार्ल एकेली.

शेतकऱ्याच्या पोराला पक्ष्यांचा नाद

कार्लचा जन्म १९ मे १८६४ चा. न्यूयॉर्क राज्यातलं क्लॅरेंडन नावाचं गाव. घरी शेती आणि हातात पैसा कमीच. शेतीत त्याचं मन कधी रमलं नाही. त्याला नाद लागला मेलेल्या पक्ष्यांची कातडी काढून ते जिवंत दिसतील असे उभे करण्याचा. याला टॅक्सिडर्मी म्हणतात. जवळच्या गावातल्या एका जाणकाराकडून त्यानं हातखंडा मिळवला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी रॉचेस्टर शहरातल्या वॉर्ड्स नॅचरल सायन्स एस्टॅब्लिशमेंटमध्ये नोकरी धरली.

ही कंपनी अमेरिकेतल्या संग्रहालयांना प्राणी पुरवायची. पगार होता आठवड्याला साडेतीन डॉलर. कामाची पद्धत बघून मात्र कार्लची निराशाच झाली. प्राण्याचं कातडं घ्यायचं, आत पेंढा कोंबायचा आणि शिवून टाकायचं. प्राणी फुगलेल्या गोणीसारखा दिसला तरी चालतंय. आतली हाडं कशी होती, स्नायू कुठे ताणलेले होते, याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं.

वरून कातडं नीट दिसतंय ना, मग आत काय आहे ते कोण बघतंय, असा तो सगळा कारभार. कार्लला हे पटत नव्हतं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यानं याच पद्धतीशी भांडण्यात घालवलं.

जंबो हत्ती आणि शिकागोचं संग्रहालय

१८८५ मध्ये एक मोठं काम आलं. पी. टी. बार्नम यांच्या सर्कशीतला जंबो हा तेव्हाचा जगातला सगळ्यात प्रसिद्ध हत्ती. कॅनडातल्या सेंट थॉमस गावात रेल्वेच्या धडकेत तो मेला. त्याचं कातडं चढवून त्याला पुन्हा उभं करायचं काम वॉर्ड कंपनीकडे आलं आणि त्यात तरुण एकेलींचा मोठा हात होता. एवढ्या मोठ्या जनावराच्या आत पेंढा भरून भागणार नव्हतं, त्याला आतून लाकडाचा भक्कम सांगाडा लागला.

त्यानंतर एकेली मिलवॉकीच्या संग्रहालयात गेले. तिथे १८९० मध्ये त्यांनी मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याचा देखावा बनवला. नुसता प्राणी नव्हे, तर त्याचं घर, पाणी, गवत आणि मागे रंगवलेला पडदा असं सगळं एकत्र. हा देखावा आजही तिथे बघायला मिळतो.

१८९६ मध्ये ते शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आले. प्राणी उभा करण्याची त्यांची स्वतःची पद्धत इथे पक्की झाली. आधी प्राण्याची मापं घ्यायची. खरी हाडं वापरून सांगाडा उभा करायचा. त्यावर मातीनं एकेक स्नायू घडवायचा. त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यातून हलका पण मजबूत पोकळ पुतळा तयार करायचा आणि सगळ्यात शेवटी त्यावर कातडं चिकटवायचं.

म्हणजे कातड्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आतलं अंग आधी भक्कम आणि खरं पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे काँक्रीटच्या बाबतीतही नियम हाच आहे.

बिबट्याची झटापट

त्याच वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, संग्रहालयानं एकेलींना आफ्रिकेतल्या सोमालीलँडला पाठवलं. तिथे एका संध्याकाळी त्यांनी गोळी झाडलेला बिबट्या मेलाच नव्हता. जवळच्या गोळ्या संपल्या आणि जखमी बिबट्यानं थेट अंगावर झेप घेतली. त्याचा नेम गळ्याचा होता, पण दातात सापडला उजवा हात.

एकेलींनी तो हात मागे ओढायच्या ऐवजी बिबट्याच्या घशात आणखी आत ढकलला. दुसऱ्या हातानं गळा आवळला, अंगाखाली घेऊन गुडघ्यांनी त्याची छाती दाबून धरली आणि तो थंड पडेपर्यंत सोडलं नाही. हाताला पट्ट्या बांधलेले एकेली आणि शेजारी टांगलेला बिबट्या, हा फोटो आजही इंटरनेटवर फिरत असतो.

त्यांच्या नावाची चर्चा सगळ्यात जास्त या फोटोमुळे होते. पण आपल्या रोजच्या जगण्यावर परिणाम करणारं त्यांचं काम अकरा वर्षांनी झालं, तेही जंगलात नाही, शिकागोच्या एका पडक्या भिंतीपुढे.

संग्रहालयाचेच पोपडे सुटले

फील्ड म्युझियम तेव्हा ज्या इमारतीत होतं ती १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली होती. हो, स्वामी विवेकानंदांचं प्रसिद्ध भाषण ज्या निमित्तानं झालं, तेच प्रदर्शन. तिथल्या बहुतेक इमारती काही महिने टिकाव्यात एवढ्याच हिशोबानं उभ्या केल्या होत्या. ही इमारत आतून विटांची होती, पण बाहेरचा सगळा थाट होता प्लास्टर आणि तागासारख्या धाग्यांच्या मिश्रणाचा. प्रदर्शन संपलं, इमारत मात्र संग्रहालयासाठी ठेवली गेली.

शिकागोची थंडी, बर्फ आणि वारा. दहा-बारा वर्षांत बाहेरचे पोपडे पडायला लागले. १९०७ मध्ये संग्रहालयाचे संचालक फ्रेडरिक स्किफ यांना प्रश्न पडला, की कमी खर्चात आणि कमी वेळात या एवढ्या मोठ्या भिंती नीट कशा करायच्या?

एकेली तेव्हा देखाव्यांसाठी खोटे खडक बनवताना हवेच्या दाबानं प्लास्टर फवारायचे प्रयोग करत होते. हेच मोठ्या प्रमाणावर करता येईल का, असा विषय निघाला आणि ते कामाला लागले.

पहिली अडचण सोपी होती पण डोकं खाणारी होती. पाणी घालून कालवलेलं प्लास्टर नळीतून ढकललं की ते वाटेतच घट्ट होतं आणि नळी तुंबते. यावर एकेलींनी काढलेला तोडगा असा, की माल कोरडाच पाठवायचा. एका नळीतून हवेच्या दाबानं कोरडी पूड येईल, दुसऱ्या नळीतून पाणी येईल आणि दोघांची भेट होईल थेट तोंडाशी, म्हणजे नोझलमध्ये. तिथून ते मिश्रण वेगानं भिंतीवर आदळेल आणि चिकटेल.

दुसरी अडचण होती दाबाची. मशीनमध्ये माल भरायला झाकण उघडलं की हवा निघून जाणार. त्यासाठी त्यांनी एकावर एक असे दोन कप्पे केले. वरच्या कप्प्यात माल भरायचा, तो बंद करायचा, मग माल खालच्या कप्प्यात सोडायचा. खालचा कप्पा सतत दाबाखाली राहतो, त्यामुळे फवारा थांबत नाही.

संग्रहालयाच्या भिंतींवर थर चढला. पुढे प्लास्टरच्या जागी सिमेंट आणि वाळू आली, आणि हे मशीन सिमेंट गन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९१० च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सिमेंट प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. १९११ मध्ये एकेलींना पेटंट मिळालं. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनच्या सिमेंट गन कंपनीनं या मालाला नाव दिलं गनाइट. आपल्याकडचा गनायटिंग हा शब्द तिथून आलेला आहे. याच शोधासाठी १९१६ मध्ये एकेलींना जॉन स्कॉट पदक मिळालं.

बोगदे, खाणी, कालवे, पाण्याच्या टाक्या, पूल, जिथे साचा लावून काँक्रीट ओतणं अवघड होतं तिथे हे मशीन पोचलं. आपल्याकडे कोकण रेल्वेच्या मार्गावर ढासळणारे डोंगरकडे सावरायलाही हेच तंत्र वापरलं जातं. मिश्रण आधीच ओलं करून फवारायची पद्धतही नंतर आली. या सगळ्याला मिळून आज शॉटक्रीट म्हणतात. भारतीय मानक ब्युरोनं त्यासाठी आयएस ९०१२ हे मानक १९७८ मध्येच काढलेलं आहे.

मग त्या पहिल्या भिंतीचं काय झालं?

गोष्टीतला हा भाग सहसा कुणी सांगत नाही. ज्या इमारतीसाठी ही सगळी खटपट झाली ती इमारत त्या थरामुळे कायमची वाचली का?

नाही. फवारलेल्या थरानं वेळ मिळाला, एवढंच. आतला मूळ माल तात्पुरताच होता आणि तो कमकुवत होत राहिला. १९२१ मध्ये फील्ड म्युझियम नव्या इमारतीत गेलं. जुनी इमारत रिकामी पडली आणि आणखी खराब झाली. शेवटी तिचं बाहेरचं जुनं अंग काढून ते चुनखडीच्या दगडात नव्यानं घडवावं लागलं. १९३३ मध्ये तिथे विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय सुरू झालं आणि ते आजही सुरू आहे.

थोडक्यात काय, तर खराब मालावर चांगला थर चढवला तरी खालचा माल खराबच राहतो. लकडगंजमधल्या जुन्या इमारतीलाही हेच लागू होतं.

सळई गंजते म्हणजे नेमकं काय होतं?

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच साधारण १२.५ ते १३ असतो. या वातावरणात आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही.

पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतो आणि त्याचा पीएच खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. हे बाहेरून आत, वर्षाला थोडं थोडं असं सरकत राहतं. ते सळईपर्यंत पोचलं की संरक्षक थर संपतो. त्यात ओल मिळाली की गंज सुरू.

आयएस ४५६ या मानकानुसार साध्या वातावरणातही स्लॅबच्या सळईवर निदान २० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं. जुन्या कामांमध्ये बऱ्याचदा तेवढं नसतं, कारण ओतकाम करताना सळई खाली दबलेली असते. मग कार्बोनेशनला फार लांबचा पल्ला गाठावाच लागत नाही.

मुंबईत समुद्राच्या हवेतला क्षार हा आणखी एक शत्रू असतो. नागपूरला समुद्र नाही, पण ओल आहे. पावसाळ्यात गच्ची गळते, संडास-बाथरूमचे पाइप पाझरतात. आणि नागपुरात उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरचं पाणी सज्जावर ठिबकत असतं, ते वेगळंच. बाहेर ४५ अंश तापमान आणि त्याच जागी रोजची ओल. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं हे चक्र गंजाला सगळ्यात मानवतं.

गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, दुप्पट ते सहापट. त्याला आत जागा नसते, म्हणून ते काँक्रीटला आतून ढकलतं. आधी सळईच्या रेषेत भेग पडते, मग पापुद्रा सुटतो आणि एक दिवस तो खाली पडतो. खाली कोण उभं आहे, हे तो बघत नाही.

आधी काढा, मग भरा

आता मूळ मुद्दा. दुरुस्ती चांगली की वाईट हे वरून कोणता माल मारला यावर जितकं ठरतं, तितकंच त्याआधी किती आणि कसं काढलं यावरही ठरतं. आणि नेमकी हीच पायरी घाईत उरकली जाते, कारण रंग लावल्यावर ती कुणालाच दिसत नाही. एकेलींच्या काळातला पेंढा भरलेला प्राणी आठवतोय ना? तसंच.

योग्य क्रम साधारण असा असतो.

आधी टेकू. बीम किंवा स्लॅब फोडायच्या आधी त्याचा भार जॅकवर घ्यावा लागतो. किती आणि कुठे, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवायचं.

मग तपासणी. हातोडीनं हलकेच ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट शाबूत. पोकळ, भदभद आवाज आला तर आतून सुटलेलं. फोडलेल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. गुलाबी रंग आला तर अल्कधर्म शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर कार्बोनेशन तिथवर पोचलंय.

मग आखणी. खराब भागाच्या थोडं बाहेर जाऊन चौकोनी रेषा आखतात आणि कटरनं साधारण १० मिलिमीटर खोल सरळ काप घेतात. सळई कापली जाऊ नये म्हणून खोली सांभाळावी लागते. कडा सरळ हवी, कारण कडेला निमुळता होत गेलेला माल सगळ्यात आधी सुटतो.

मग फोडणं. छन्नी-हातोडा किंवा हलका ब्रेकर. मोठा, जड ब्रेकर लावला तर काम लवकर होतं, पण राहणाऱ्या चांगल्या काँक्रीटमध्येही बारीक तडे जातात आणि नवा थर अशा तडकलेल्या पृष्ठभागाला नीट धरत नाही. परदेशात आणि मोठ्या पुलांच्या कामात यासाठी अतिशय जोराच्या पाण्याचा झोत वापरतात, त्यानं सळईला धक्का न लागता कमकुवत काँक्रीट निघून जातं.

कुठवर फोडायचं? सळई दिसली की थांबायचं नाही. गंज सळईच्या चारही बाजूंना असेल तर तिच्या मागे साधारण २० मिलिमीटर मोकळी जागा होईपर्यंत काढायचं. म्हणजे मागून हात फिरवता येतो, गंज साफ करता येतो आणि नवा माल सळईला चहूबाजूंनी कवटाळतो. लांबीतही गंज संपून स्वच्छ लोखंड लागेपर्यंत जायचं. अर्ध्यात थांबलं तर वर नवं आणि शेजारी जुनं अशी अवस्था होते. क्षार राहिलेल्या ठिकाणी तर दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेलाच नवा गंज आणखी वेगानं धरतो.

मग सफाई. तारेच्या ब्रशनं किंवा वाळूच्या माऱ्यानं सळई चकचकीत करायची. ती फार झिजली असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्यानं जोड सळई घालायची. धूळ हवेनं उडवायची, पृष्ठभाग पाण्यानं भिजवायचा, पण वर पाणी साचू द्यायचं नाही.

एवढं सगळं झाल्यावर एकेलींचं मशीन. तेही सरळ काटकोनात धरून, साधारण एक मीटर अंतरावरून. मारा करताना बरीच वाळू उसळून खाली पडते. ती गोळा करून पुन्हा वापरायची नसते, कारण तिच्यात सिमेंट फारसं उरलेलं नसतं. आणि शेवटी किमान सात दिवस नव्या थराला पाणी. नागपूरच्या उन्हाळ्यात तर यात अजिबात हयगय चालत नाही.

लहान जागा असेल तर गनायटिंगऐवजी पॉलिमर मिसळलेला मसाला हातानंही भरतात. काढण्याचा नियम मात्र तोच राहतो.

हत्तीच्या पायाखाली

आता परत एकेलींकडे. सिमेंट गन त्यांना श्रीमंतीत लोळवू शकली असती, पण त्यांचं मन आफ्रिकेतच अडकलेलं होतं.

१९०५ च्या मोहिमेत त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डेलिया यांनी फील्ड म्युझियमसाठी हत्ती मिळवले. झुंजणाऱ्या दोन हत्तींची जी जोडी आज तिथल्या मुख्य दालनात उभी आहे ती हीच. त्यातल्या एकाची शिकार डेलियांनी केली होती. संग्रहालयातल्या झाडांची मेणाची हजारो पानं बनवण्यातही डेलियांचा हात होता, पण नाव झालं ते नवऱ्याचंच.

१९०९ मध्ये एकेली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीसाठी काम करू लागले. १९१० मध्ये माउंट केनियाच्या उतारावर एका हत्तीनं त्यांच्यावर चाल केली. त्यांनी दोन सुळ्यांना पकडून स्वतःला मधोमध घेतलं. सुळे जमिनीत कशाला तरी अडले म्हणून जीव वाचला, पण चेहरा फाटला आणि बरगड्या मोडल्या. सोबतचे लोक त्यांना मेलेले समजून निघून गेले. रात्रीच्या जंगलातून माणसं घेऊन शोधायला निघाल्या त्या डेलियाच.

अंथरुणावर पडल्या पडल्या एकेलींच्या डोक्यात एक कल्पना पक्की झाली. आफ्रिकेतले प्राणी संपत चाललेत. ते संपायच्या आधी त्यांचं जग जसंच्या तसं एका भव्य दालनात उभं करायचं.

प्राण्यांचं हलतं चित्रण करायला तेव्हाचे कॅमेरे फार जड आणि अवघड होते. म्हणून त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवला. तो गोल आकाराचा होता आणि कुठल्याही दिशेला सहज वळायचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं तो वापरला. १९२२ चा 'नॅनुक ऑफ द नॉर्थ' हा माहितीपट चित्रित करतानाही एकेली कॅमेराच होता.

शिकारी बदलला

१९२१ मध्ये ते तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये, विरुंगा पर्वतरांगेत गोरिलांसाठी गेले. संग्रहालयासाठी त्यांनी पाच गोरिला मिळवले, पण या वेळी बंदूक चालवताना त्यांचा हात जड झाला. गोरिला हा लोक सांगतात तसा राक्षस नाही, तो शांत, कुटुंबवत्सल प्राणी आहे आणि त्याची संख्या फार थोडी उरली आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

परत आल्यावर त्यांनी बेल्जियमचे राजे अल्बर्ट यांच्याकडे पाठपुरावा सुरू केला. १९२५ मध्ये तिथे अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. हे आफ्रिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. आज आपण त्याला विरुंगा राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखतो आणि १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

याचा अर्थ एकेली साधुसंत होते असा नाही. संग्रहालयासाठी त्यांनी शेवटपर्यंत प्राणी मारले. त्या काळात युरोप-अमेरिकेतली माणसं आफ्रिकेत जाऊन हवं ते घेऊन यायची, त्याच व्यवस्थेचा तेही भाग होते. पण आपण करतोय ते कुठवर चालणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर वाट थोडी तरी बदलली.

१९२६ मध्ये ते दुसऱ्या पत्नी मेरी जोब यांच्यासोबत पुन्हा तिकडे गेले. मिकेनो पर्वताच्या उतारावर, गोरिलांच्या त्याच प्रदेशात तब्येत ढासळली आणि १७ नोव्हेंबर १९२६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय ६२. त्यांना तिथेच पुरलं. ज्या दालनाचं स्वप्न त्यांनी बघितलं होतं ते न्यूयॉर्कमध्ये १९३६ मध्ये खुलं झालं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. पुढे १९६७ मध्ये गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी पहिला तळ टाकला, तो एकेलींच्या थडग्याजवळच.

तुमच्या इमारतीचं काम निघालं तर

महाराष्ट्रातल्या महापालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. नागपूर महापालिकेच्या लकडगंज झोनलाही ते लागू होतं. तपासणी झाली, काम निघालं, की ठेकेदाराला दर चौरस फुटाला काय भाव, हे आपण सगळेच विचारतो.

त्यासोबत आणखी चार गोष्टी विचारा. टेकू कोण ठरवणार? सळईच्या मागे किती फोडणार? फोडून झाल्यावर, नवा थर मारायच्या आधी, इंजिनिअर येऊन बघणार का? आणि प्रत्येक जागेचा त्या अवस्थेतला फोटो मिळणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. कारण थर एकदा चढला की आत साफ लोखंड आहे की गंज, हे पुढची काही वर्षं कुणालाच कळत नाही. पाणी कुठून येतंय तेही आधी बंद करून घ्या. गळणारी गच्ची किंवा ठिबकणारा कूलर तसाच ठेवून खालचा स्लॅब दुरुस्त केला, तर थोड्या वर्षांनी त्याच कामाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात, आणि तोवर खालून ये-जा करणाऱ्यांच्या डोक्यावरचा धोका तसाच राहतो.